बोलेरो, स्कॉर्पिओ, थारला किती मोठा टायर बसतो? सस्पेन्शन न बदलता साईज निवडताना काय बघायचं

भाद्रपद जवळ आला की लालबाग, परळ, काळाचौकीच्या गल्ल्यांत गाड्यांची बॉनेटं उघडी दिसू लागतात. ऑइल, ब्रेक, बॅटरी आणि सगळ्यात शेवटी टायर. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, तरी इथल्या घरांचं एक पाऊल अजून कोकणात नाहीतर घाटावर असतं. वर्षातले अकरा महिने ही गाडी लालबागच्या पुलाखालून आणि हिंदमाताच्या पाण्यातून फिरते आणि गणपतीत सात माणसं, टपावर सामान घेऊन कशेडी उतरते. त्यानंतर महामार्ग सोडून वाडीपर्यंतचा जांभ्या दगडाचा रस्ता असतोच.

गावच्या चढावर गाडी एकदा खाली घासली की मुंबईला परतल्यावर टायर मोठे टाकायचं डोक्यात येतं. गावातल्या पोरांनाही मोठ्या टायरची गाडी रुबाबदार वाटते. टायरवाला म्हणतो, बसेल की आरामात. टायर बसतो हे खरं, पण बसणं वेगळं आणि भरल्या गाडीत, पावसात, घाटात न घासता चालणं वेगळं. सस्पेन्शन कंपनीचंच ठेवणार असाल, म्हणजे स्प्रिंग, पाटे, शॉकअप यांना हात लावणार नसाल, तर मोठ्या टायरला जागा फार थोडी असते. ती किती, हे घरच्या घरी हिशेबाने काढता येतं.

टायरवरचा आकडा

टायरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत साईज कोरलेली असते. महिंद्रा बोलेरोची साईज २१५/७५ आर १५ आहे. यातला २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटर नव्हे, रुंदीच्या ७५ टक्के. इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे डिस्कचा व्यास, इंचात.

आता हिशेब. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१ मिलिमीटरच्या आसपास. ही भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट, सव्वातीनशेला थोडी कमी, नेमकी ३२२.५. डिस्क १५ इंच, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजे ३८१. दोन्हींची बेरीज ७०३.५ मिलिमीटर. हा झाला बोलेरोच्या चाकाचा पूर्ण व्यास. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे, आणि दुकानात जाण्याआधी ते करून जावं.

साईजच्या पुढे अजून एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ १००एस. त्याकडे कोणी बघत नाही. तो आकडा एका टायरची वजन पेलायची ताकद सांगतो आणि अक्षर जास्तीत जास्त वेग. त्याबद्दल पुढे येईलच, कारण स्वस्त टायरमधली फसगत बहुतेक वेळा तिथे असते.

आपल्या गाडीची मूळ साईज ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर आणि गाडीसोबत आलेल्या पुस्तकात छापलेली असते. जुनी गाडी घेतली असेल तर सध्या बसवलेल्या टायरवरून मूळ साईज ठरवू नका. आधीच्या मालकाने काय टाकलं असेल सांगता येत नाही.

तीन टक्क्यांच्या आत राहा

सस्पेन्शन न बदलता टायर बदलायचा तर नव्या चाकाचा व्यास जुन्यापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त मोठा किंवा लहान नसावा, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. तो कायद्यात लिहिलेला नाही, पण स्पीडोमीटर, गिअर आणि चाकाच्या कमानीतली जागा, तिन्ही साधारण त्या मर्यादेत सांभाळून घेतात.

बोलेरोचंच बघा. २२५/७५ आर १५ टाकला तर व्यास ७१८.५ होतो. वाढ १५ मिलिमीटर, दोन टक्क्यांच्या किंचित वर. हे हिशेबात बसतं. २३५/७५ आर १५ ही साईज बोलेरोला मोठ्या हौसेने टाकली जाते. तिचा व्यास ७३३.५, म्हणजे ३० मिलिमीटर जास्त, सव्वाचार टक्के. मर्यादा ओलांडली. याउलट २३५/७० आर १५ चा व्यास ७१० भरतो, वाढ एक टक्काही नाही. नावात २३५ असल्याने तो मोठा वाटतो, पण उंची जवळजवळ तीच राहते, वाढते ती फक्त रुंदी. म्हणून पहिला आकडा बघून ‘मोठा टायर’ म्हणण्यात अर्थ नाही, तिन्ही आकडे एकत्र बघावे लागतात.

स्कॉर्पिओ क्लासिकला २३५/६५ आर १७ येतो, व्यास ७३७ मिलिमीटर. त्यावर २४५/६५ आर १७ टाकला तर ७५०, वाढ पावणेदोन टक्के. २३५/७० आर १७ ला तीन टक्क्यांची रेघ थोडी ओलांडली जाते, तिथे मोजमाप केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. २४५/७० आर १७ मात्र पाच टक्क्यांवर जातो. मूळ सस्पेन्शनवर तो नकोच.

२०२० नंतरच्या थारमध्ये कंपनीनेच दोन साईज दिल्या. एका मॉडेलला २४५/७५ आर १६ आणि वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८. हिशेब केला तर पहिल्याचा व्यास ७७४ आणि दुसऱ्याचा ७८९. फरक दोन टक्क्यांच्या आत. डिस्क दोन इंचांनी मोठी केली तरी कंपनीने चाकाची उंची फारशी हलू दिली नाही, आणि हे मुद्दाम केलेलं असतं.

बोलेरोला ३१ इंची टायर टाकलेल्या गाड्यांचे फोटो मोबाईलवर फिरत असतात. ३१ इंच म्हणजे ७८७ मिलिमीटर. मूळ चाकापेक्षा ८४ मिलिमीटर मोठं, जवळजवळ १२ टक्के. त्या गाड्यांची सस्पेन्शनं उचललेली असतात, कमानी कापलेल्या असतात. फोटोत ते दिसत नाही.

आणखी एक भ्रम. ३० मिलिमीटर मोठा टायर टाकला म्हणजे गाडी ३० मिलिमीटर उचलली जात नाही. व्यासातली निम्मी वाढ वर जाते, निम्मी खाली. गाडी उचलली जाते फक्त १५ मिलिमीटर, करंगळीच्या जाडीएवढी. वाडीच्या रस्त्यावर मधल्या उंचवट्याला घासणारी गाडी तेवढ्याने सुटेलच असं नाही. मागे चार माणसं आणि तांदळाचं पोतं ठेवलं की पाटे त्यापेक्षा जास्त बसतात. गाडी घासत असेल तर आधी शॉकअप आणि पाटे बघून घ्या. दहा वर्षं चाललेल्या गाडीचे पाटे सपाट झालेले असतात, आणि तिथे मूळ मापाचे नवे पाटे टाकले तर मोठ्या टायरपेक्षा जास्त उंची परत मिळते.

घासतं कुठे?

उभ्या, रिकाम्या गाडीला मोठा टायर बसवला की चारही बाजूंनी जागा दिसते. टायरवाला हात घालून दाखवतो, बघा, बोट जातंय. खरी परीक्षा तीन वेळा होते. स्टेअरिंग पूर्ण कापल्यावर, चाक खड्ड्यातून उसळून कमानीत वर आल्यावर आणि या दोन्ही गोष्टी एकदम झाल्यावर. घाटातल्या वळणावर, भरल्या गाडीत, खड्डा आला की नेमकं हेच होतं.

पुढच्या चाकाला पहिली अडचण मागच्या बाजूच्या मडफ्लॅपची आणि कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराची. ते घासलं तर आवाज येतो, कळतं, फार नुकसान होत नाही. दुसरी अडचण आतल्या बाजूची, आणि ती धोक्याची. रुंद टायर पूर्ण वळवल्यावर आत सस्पेन्शनच्या आर्मला किंवा ब्रेकच्या रबरी पाइपला लागू शकतो. ब्रेकचा पाइप रोज थोडाथोडा घासत राहिला तर एक दिवस तो फुटतो, आणि तो दिवस बहुधा घाट उतरतानाचा असतो. बोलेरोला मागे पाटे आहेत. तिथे फार रुंद टायर आतून पाट्याजवळ येतो. टायरच्या आतल्या भिंतीवर एकसारखी गोल चकचकीत रेघ दिसली तर समजायचं, कुठेतरी लागतंय.

गावात याची चाचणी करायला गॅरेज लागत नाही. अंगणात सपाट जागी गाडी आणा. एक चिरा घ्या, फुटका नको, चांगला अखंड. पुढचं एक चाक हळूहळू त्या चिऱ्यावर चढवा. त्या बाजूचं सस्पेन्शन दाबलं जातं आणि चाक कमानीत वर जातं. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, खाली असलेल्या चाकांना दगड लावा, इंजिन बंद करा. मग स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण कापून टायर आणि मडफ्लॅप, टायर आणि वरची कमान, टायर आणि आतले पाइप यांतलं अंतर बाहेरून टॉर्च मारून बघा. दुसऱ्या बाजूला कापून पुन्हा बघा. गाडीखाली कोणीही जायचं नाही, हात आत घालायचे नाहीत. चार-पाच माणसं गाडीत बसवून तेच पुन्हा करा.

ही चाचणी मूळ टायरवरच, नवा घेण्याच्या आधी करायची. मग हिशेब सोपा. व्यास ३० मिलिमीटरने वाढला तर वर, पुढे, मागे प्रत्येकी १५ मिलिमीटर जागा जाणार. रुंदी २० ने वाढली तर आत १० आणि बाहेर १० जाणार. मूळ टायरवरच कुठे बोटभर जागा उरत असेल तर उत्तर मिळालं.

मीटर खोटं बोलू लागतो

गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, पण मीटरला ते कळत नाही. २३५/७५ टाकलेल्या बोलेरोत काटा ८० वर असेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८३ च्या पुढे असते. कॅमेऱ्यासाठी हा फरक पुरेसा ठरू शकतो.

याचा दुसरा परिणाम मजेशीर आहे. गाडी ५०० किलोमीटर चालली तर मीटरवर ४८० च दिसतात. डिझेल ३० लिटर लागलं असेल तर मालक १६ चा ॲव्हरेज काढतो आणि टायरने ॲव्हरेज पाडला म्हणून कपाळाला हात लावतो. खरा ॲव्हरेज साडेसोळाच्या वर असतो. अर्थात जड, रुंद टायरने ॲव्हरेज थोडा कमी होतोच, पण मीटरची चूक त्यात मिसळू नये. ॲव्हरेज काढायचा तर मोबाईलच्या नकाशावरचं अंतर धरा.

गिअरचंही तसंच. चाक चार टक्के मोठं म्हणजे प्रत्येक गिअर चार टक्के उंच. सपाट महामार्गावर बरं वाटतं, इंजिन शांत चालतं. कुंभार्ली किंवा आंबा घाट भरल्या गाडीने चढताना मात्र ज्या वळणावर आधी तिसरा चालत होता तिथे दुसरा टाकावा लागतो, आणि गावच्या खड्या चढावर हाफ क्लच जास्त वेळ दाबून ठेवला जातो. क्लच प्लेट लवकर जाते ती इथे. ब्रेकलाही मोठं, जड चाक थांबवायला जास्त जोर लागतो. दोन टक्क्यांच्या फरकात हे जाणवत नाही, पाच टक्क्यांना जाणवतं, बारा टक्क्यांना गाडीच वेगळी होते.

लालबागचा रस्ता आणि वाडीचा रस्ता

गाडी कुठे किती चालते, यावर टायर ठरवला पाहिजे. इथे बरेच मालक वर्षातल्या आठ दिवसांसाठी उरलेल्या ३५७ दिवसांचा टायर निवडतात.

टायरची नक्षी तीन प्रकारची येते. एचटी म्हणजे रस्त्याची, शांत, ओल्या डांबरावर पकड चांगली. एटी म्हणजे मधली, खडी आणि मातीला बरी, डांबरावरही चालून जाते. एमटी म्हणजे चिखलाची, मोठाल्या ठोकळ्यांची. एमटी टायर दिसायला भारदस्त, पण ओल्या गुळगुळीत डांबरावर त्याचा ब्रेक लांब लागतो आणि ऐंशीच्या वेगाला गाडीत बोललेलं ऐकू येत नाही. ज्याची गाडी रोज चिखलातून जात नाही त्याने एमटीच्या वाटेला जाऊ नये. मुंबईत राहून गणपती-शिमग्याला गावी येणाऱ्याला चांगला एचटी पुरतो. वाडीचा रस्ता अगदीच कच्चा असेल तर मूळ साईजमधला एटी. गावात राहून रोज बागेत, शेतात, खाणीच्या रस्त्याला गाडी नेणाऱ्याला एटी योग्य. नक्षी बदलल्याने जेवढा फरक पडतो तेवढा साईज बदलून पडत नाही, आणि त्याने ना मीटर चुकतो ना काही घासतं.

रुंद टायर म्हणजे चांगली पकड, हे कोरड्या डांबरावर बऱ्याच अंशी खरं. कोकणातल्या पावसात उलटंही होतं. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना रुंद टायर पाणी बाजूला सारायच्या आत त्याच्यावर तरंगायला लागतो आणि स्टेअरिंग हलकं पडतं. अरुंद टायर पाणी कापत जातो. चिखलातही खाली कठीण थर असेल तर अरुंद टायर चिखल कापून त्या थरापर्यंत पोचतो. मारुतीच्या जिम्नीला कंपनी १९५/८० आर १५ देते. रुंदीला कमी, पण व्यास ६९३ मिलिमीटर, बोलेरोच्या जवळपास. जंगलात जाण्यासाठीच बनवलेल्या गाडीला कंपनीने अरुंद टायर दिला आहे. रुंदी वाढवण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

लालबाग-परळच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. तिथे बऱ्याच ठिकाणी यांत्रिक पार्किंग असतं, गाडी लोखंडी ताटावर उभी करायची आणि ते ताट वर जातं. त्या ताटावर गाडीची उंची, रुंदी आणि वजन किती चालेल याची पाटी असते. एसयूव्ही आधीच त्या मर्यादेच्या कडेला असते. चाकं बाहेर आली किंवा टपावर कॅरिअर असताना गाडी दीड सेंटीमीटर उंच झाली, तर रोजचं पार्किंग जाऊ शकतं. आणि गल्लीत उभी राहणारी गाडी महिनोन्‌महिने जागची हलली नाही तर टायर एका जागी चपटे होतात, फूटपाथच्या दगडाला घासून भिंती कापल्या जातात. गावी निघण्याआधी चारही टायरच्या आतल्या-बाहेरच्या भिंती हात फिरवून बघाव्यात. फुगवटा दिसला तर तो टायर घाटात न्यायचा नाही, त्यावर पंक्चरवाल्याकडे इलाज नाही.

मोठी डिस्क, पातळ टायर

१५ इंची लोखंडी डिस्क काढून १७ किंवा १८ इंची अलॉय टाकायची फॅशन आहे. बाहेरचा व्यास तोच ठेवायचा म्हणजे टायरची भिंत पातळ करावी लागते. बोलेरोला २३५/६० आर १७ टाकला तर व्यास ७१४, हिशेबात बसला. पण भिंत १६१ वरून १४१ मिलिमीटरवर आली. ही भिंतच खड्ड्याचा मार खाते. तिचे दोन सेंटीमीटर कमी झाले की तो मार डिस्कला बसतो. लोखंडी डिस्क वाकली तर गावातला माणूस ठोकून कामापुरती सरळ करतो, अलॉय तडकली की संपली.

डिस्क बदलताना नटांच्या भोकांचं वर्तुळ, मधल्या भोकाचं माप आणि ऑफसेट, तिन्ही मूळ डिस्कशी जुळली पाहिजेत. ऑफसेट म्हणजे चाक हबपासून किती आत किंवा बाहेर बसतं ते. चाक बाहेर आलं की गाडी रुंद दिसते, आणि त्या बदल्यात बेअरिंगवर जास्त ताण पडतो, चिखल दरवाज्यांवर उडतो, टायर कमानीच्या कडेला लागतो. चाक बाहेर काढायला मध्ये स्पेसर घालतात, तो प्रकार तर टाळावाच. शिवाय जुन्याच डिस्कवर जास्त रुंद टायर चढवायचा असेल तर डिस्कची रुंदी त्या टायरला चालते का, हे टायर कंपनीच्या तक्त्यात बघायला सांगा. अरुंद डिस्कवर रुंद टायर बसवला की तो मध्येच झिजतो आणि वळणावर लटपटतो.

वजनाचा आकडा विसरू नका

आता तो साईजच्या पुढचा आकडा. ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो, ९७ म्हणजे ७३०, १०० म्हणजे ८००, १०२ म्हणजे ८५०, १०५ म्हणजे ९२५ किलो. अक्षरांत क्यू म्हणजे १६०, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर.

पैसे वाचवायला बोलेरोच्या डिस्कवर कारचा २०५/६५ आर १५ चढवलेला कुठेकुठे दिसतो. डिस्क १५ इंचीच, म्हणून बसतो. त्याचा वजनाचा आकडा साधारण ९४. म्हणजे चार टायर मिळून पेलणार २,६८० किलो, जिथे १०० च्या आकड्याचे चार टायर ३,२०० किलो पेलतात. वजन चारही चाकांवर सारखं कधीच नसतं. भरल्या गाडीत मागच्या दोन चाकांवर जास्त येतं, घाट उतरताना ब्रेक मारला की पुढच्या दोन चाकांवर. शिवाय या टायरचा व्यास आठ टक्क्यांनी कमी, म्हणजे गाडी २८ मिलिमीटर खाली बसते. वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा जास्त चालेल, कमी कधीच नाही. हा एक नियम बाकी सगळ्यांच्या वर आहे.

उलट बाजूने, पिकअपचे जड प्लायचे टायर प्रवासी गाडीला टाकण्याचाही प्रकार होतो. ते टिकतात, पण कडक असतात. गाडी रिकामी असताना उसळते आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांची कंबर धरते.

हवेच्या बाबतीत एकच सांगायचं. टायरच्या भिंतीवर कोरलेला हवेचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते. भरायची ती दरवाज्याच्या स्टिकरवर लिहिलेली, टायर थंड असताना, आणि माणसं-सामान भरलं असेल तर स्टिकरवर त्यासाठी दिलेला वेगळा आकडा धरून.

स्टेपनी आणि फोर बाय फोर

साईज बदलली तर पाच टायर बदलायचे, चार नाहीत. मूळ साईजची स्टेपनी मोठ्या चार टायरमध्ये लावून रात्री दोनशे किलोमीटर जायची वेळ आली तर एकाच एक्सलवरची दोन चाकं वेगवेगळ्या मापाची फिरतात, डिफरन्शियल सतत झिजतं आणि एबीएस गोंधळतं. बोलेरो आणि थारची स्टेपनी मागच्या दरवाज्यावर असते. जड टायरने बिजागऱ्या ढिल्या होतात, कच्च्या रस्त्यावर दरवाजा खडखडतो. स्कॉर्पिओची स्टेपनी मागे खाली लटकते. तिथे मोठा टायर मावतो का, हे टायर विकत घेण्याआधी बघावं लागतं.

फोर बाय फोर गाडीत पुढचे आणि मागचे टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले असावेत. पुढे एक व्यास आणि मागे दुसरा असेल आणि फोर बाय फोर जोडलं, तर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना ओढत राहतात. मातीत चाकं घसरून ताण सुटतो, कोरड्या डांबरावर तो सुटत नाही आणि ट्रान्सफर केसवर येतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे सर्वात निर्धास्त मार्ग म्हणजे आपल्याच गाडीच्या एखाद्या मॉडेलला कंपनीने दिलेली साईज निवडणं. कमानीबाहेर आलेली चाकं मात्र लांबूनच पोलिसांच्या नजरेत भरतात. विम्याच्या बाबतीत, कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात वादाचं कारण होऊ शकतो. साईज बदलायची असेल तर आधी विमा कंपनीला लेखी विचारून ठेवलेलं बरं.

टायर साईजने बरोबर असला तरी नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरलेला टायर नियमात बसत नाही. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कोकणच्या पावसाला तर तेवढी वाटही बघू नये.

मुंबईची जुनी गाडी गावात घेताना

लालबाग-परळमधल्या नातेवाइकाकडून किंवा ओळखीतून जुनी एसयूव्ही गावात आणण्याची पद्धत जुनी आहे. मुंबईत दहा वर्षांत कमी चाललेली, दिसायला चकाचक, वर मोठे टायर. अशा गाडीचा मीटर वाचतानाही टायर आठवा. साईज पाच टक्के मोठी असेल तर मीटरवरचे ७० हजार प्रत्यक्षात साडेत्र्याहत्तर हजारांच्या घरात असू शकतात. मूळ टायर-डिस्क मालकाकडे पडून असतील तर व्यवहारात त्याही मागून घ्या. कमानीच्या आतलं प्लास्टिक कापलेलं आहे का, मडफ्लॅप गायब आहेत का, पुढच्या ब्रेक पाइपवर घासल्याची खूण आहे का, हे गाडी वळवून बघा. पुढे स्प्रिंगजवळ चकत्या घालून किंवा मागे पाटा वाढवून गाडी उचललेली असेल तर मालक ‘सस्पेन्शन कंपनीचंच’ म्हणाला तरी ते तसं राहिलेलं नाही.

आणि तारीख बघा. टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी आणि तारीख सात वर्षांपूर्वीची, असे टायर मुंबईत कमी चाललेल्या गाड्यांना हमखास सापडतात. रबर कडक होऊन भिंतीवर बारीक तडे गेलेले असतात. ते टायर धरून गाडीची किंमत करू नये. नवीन टायर घेतानाही आयएसआयचं चिन्ह आणि हीच तारीख बघून घ्यायची, पाचही टायरची, आणि पक्कं बिल घ्यायचं. वॉरंटी बिलावरच चालते.

टायर बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. मग रिकाम्या गाडीने जवळच्या खराब रस्त्यावर एक फेरी मारा, दोन्ही बाजूंना स्टेअरिंग पूर्ण कापून पुढे-मागे घ्या, मडफ्लॅप आणि आतल्या पाइपवर ताजी खूण उमटली का बघा. दुसरी फेरी घरची माणसं बसवून. घासत असेल तर दुकानदाराकडे लगेच गेलात तर टायर बदलून मिळायची आशा असते, हजार किलोमीटर चालवल्यावर नसते. चाकाचे नट पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळून घ्यायचे. मुंबईहून निघालेल्या गाडीसाठी ते काम वडखळ-माणगावच्या दरम्यान, चहाला थांबाल तिथेच, पान्याने पाच मिनिटांत होतं.